त्या पिल्लाची दृष्ट

नाही गं, वरच्या खणात नाहीत, खालच्या. थांब, मीच देते काढून, तू बस. पोटरीला बांधायच्या पट्ट्याच पाहिजेत ना तुला? चार जोड्या आहेत. विनयने तीन-तीनदा धुऊन वाळवून ठेवल्यात — तिथली माती इथं नको आणि इथली तिथं नको म्हणतो, माझा मुलगा पहिल्यापासून नेमाचा. त्या बांधल्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नकोस हो प्रीता. मुंग्या असल्या चावतात की माणूस उभ्या उभ्या नाचायला लागतो, आमच्या विनयचा नाच मी या डोळ्यांनी बघितलाय. काठ्या ने, हातमोजे ने. परवा निघताय ना? तू, नवरा आणि सासूबाई. बरं झालं त्यांना नेताय. नागपूरहून आल्यापासून बिचाऱ्या घरातच असतील, या फ्रीमाँटमध्ये म्हातारीने जायचं तरी कुठं — चालायला निघालं तर गाडीवाले थांबून विचारतात, आजी हरवलात का.

काय म्हणालीस? काढा? कुणाला काढा? … अच्छा. सासूबाईंना. थोडासाच खोकला. आणि अंग जरा कोमट लागतंय, पण ते हवेमुळे. बरं. म्हणजे तिथं गोरिलांकडे नेण्याआधी सकाळी विचारतात ना, सर्दी-खोकला आहे का कुणाला, त्या वेळेपुरता खोकला दबला पाहिजे. नीलांबरीने सांगितलं तुला? सून माझी गुणाची, काढ्याचं कौतुक साऱ्या गल्लीत करते. अडुळसा, ज्येष्ठमध, मिरे, लवंग. दबतो, हो. चार-पाच तास चांगला दबतो. मला माहीत आहे ना.

त्या पट्ट्या राहू दे तिथं. बस तू. बस म्हणते ना.

घाई आहे, ठाऊक आहे मला. तुम्हा सगळ्यांनाच घाई असते. पण तू काढा मागितलास, आता ऐकल्याशिवाय जायचं नाहीस. हिमानी तीन वाजता येते शाळेतून, आता गाडी स्वतः चालवते — तोवर बस. तिच्यासमोर नाही बोलता यायचं मला. घरात कुणासमोरच नाही बोलता येत, अडीच महिने झाले.

हिमानी सहा वर्षांची असल्यापासून तिला गोरिलांचं वेड. बाकीच्या पोरींच्या खोलीत बाहुल्या, हिच्या भिंतीवर ते एवढे मोठे काळे चेहरे. मी म्हणायचे, अगं बाई, रात्री उठले की मला वाटतं सासरे उभे आहेत. ती हसायची नाही, ती म्हणायची, आजी, दे आर सो जेंटल. आणि मला शिकवायची. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, मला सही येते ती हिमानीने शिकवलेली — पण गोरिलांचं मला विचार. कुटुंब कसं असतं, पाठीवर पांढरे केस आलेला तो कारभारी कसा असतो, झोपायला रोज नवं घरटं कसं करतात. आणि माणसाचं दुखणं त्यांना कसं लागतं. हे पण तिनेच शिकवलं. आपली साधी सर्दी, जी आपण नाक पुसत चार दिवसांत विसरतो, ती त्यांच्या छातीत बसते. म्हणून दहा मीटर लांब राहायचं. म्हणून तोंडाला मास्क. म्हणून बरं नसेल तर जायचंच नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही प्रीता, हीच तर गोष्ट आहे. अडाणी होते म्हणून सुटले असते. पण मला शिकवणारी घरात होती.

जायच्या आधी तिने आमची तालीम घेतली, इथंच, बाहेर गाडी लावतो तिथं. टेप घेऊन दहा मीटर मोजले, त्या टोकाला कचऱ्याचा निळा डबा — तो गोरिला. आम्ही मास्क लावून या टोकाला. डबा पुढं सरकवला की आपण हळूच मागं सरकायचं, पळायचं नाही, खोकला आला तर तोंड फिरवून कोपरात. समोरचे चिनी आजोबा दारात उभे राहून बघत होते. विनय म्हणतो, हिमानी, डब्याला नमस्कार करू का? आणि ती ओरडते, बाबा, बी सीरियस! किती हसलो आम्ही त्या दिवशी. या घरात एवढं हसू परत आलेलं नाही.

मी तर जाणारच नव्हते. एकाहत्तर वर्षं, गुडघे हे असे. म्हटलं, तुम्ही जा, मी घर सांभाळते. पण तिने शोधून काढलं, तिथं गावातली माणसं म्हाताऱ्यांना डोलीतून नेतात. वेताची खुर्ची, दोन बाजूंना दांडे, सोळा जण आळीपाळीने खांदा देतात. मी म्हटलं, जिवंतपणी कसला खांदा घेता! तर म्हणते, आजी, असं नाही बोलायचं, ते काम आहे त्यांचं. जंगलाच्या कडेची माणसं, पूर्वी त्यांना जंगलाचा काही उपयोग नव्हता, म्हणून फासे लावायची. आता पाहुणे आले की घरात पगार येतो, मग तीच जंगल राखतात. तू बसलीस तर सोळा घरांना काम. असं सांगितल्यावर मी काय बोलणार? मी म्हटलं, चल. सोळा घरांसाठी बसते.

घसा धरला तो विमानातच. दुसऱ्या विमानात नाक गळायला लागलं. मी पदर तोंडावर ओढून झोपल्याचं सोंग केलं. का म्हणून विचारतेस? तुझ्या डोळ्यांत दिसतंय विचारतेस ते. अगं, सांगितलं असतं तर काय झालं असतं — आजी एकटी कशी राहील त्या लॉजवर, मग नीलांबरी थांबली असती. नाहीतर विनय. दोन वर्षं आधी ते गरम पाण्याचे झरे बघायला निघालो होतो, यलोस्टोनला, अर्ध्या वाटेत मला ताप भरला आणि अख्खी गाडी मागं फिरली. कुणी एक शब्द बोललं नाही मला. हिमानी खिडकीला डोकं लावून आसवं गाळत होती, आवाज न करता. सहा तास. ते सहा तास मी विसरले नव्हते. आणि आमच्या पिढीला ही खोडच — सासरी अंगात एकशे दोन ताप घेऊन मी पंगतीच्या पोळ्या लाटल्यात. दुखणं सांगायचं म्हणजे लोकांच्या वाटेत आडवं पडायचं. तुझ्या सासूबाईसुद्धा तेच करतायत, बघ. थोडासाच खोकला.

तर सकाळी उठून तापाची गोळी घेतली. काढ्याची पूड बरोबर होतीच, गरम पाणी मागवलं. गालात लवंग धरली. तिथं सगळ्यांना ओळीने उभं केलं, आठच माणसं नेतात एका कुटुंबाकडे, आम्ही चौघं आणि दुसरे चौघं. गाईड एक बाई होती, ग्रेस नावाची, तुझ्याएवढीच, उंच, सरकारी गणवेश, गोड बोलणारी. तिने विचारलं, कुणाला बरं नाहीये का, आत्ता सांगा, लाजू नका, पैसेही काही परत मिळतील. कपाळावर ते यंत्र धरलं. माझं कपाळ गार — गोळीचं काम. विनयने मला मराठीत विचारलं, आई, बरं आहे ना? आणि मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, मला काय धाड भरलीय? सगळे हसले. ग्रेसला कळलं नाही तरी तीही हसली.

एवढंच. एवढं एकच वाक्य.

मग डोली निघाली. काय सांगू तुला ते जंगल — चढ असा की डोलीत मी आडवी होत होते, वेली तोडत वाट काढायची, खाली चिखल, वर झाडांच्या फांद्यांना शेवाळाच्या दाढ्या लोंबलेल्या. खांदेकरी गाणी म्हणत होते. एक सगळ्यात पुढचा, केस पिकलेला, दर वेळी डोली खाली ठेवली की मला पाणी द्यायचा आणि स्वतः नंतर प्यायचा. तीन तास. मग पुढं गेलेल्या माग काढणाऱ्यांचा निरोप आला, सापडले. काठ्या, पिशव्या, खाऊ, सगळं खांदेकऱ्यांपाशी ठेवलं, मास्क लावले, ग्रेस आणि विनयने मला दोन बाजूंनी धरलं आणि शेवटची वीस पावलं मी चालले.

कारभारी बसला होता पाठ करून. एवढी पाठ — आमच्या या सोफ्याएवढी. पाला खात होता, जसा एखादा म्हातारा अंगणात शेंगा फोडत बसतो तसा, कुणाशी देणंघेणं नाही. दोन पोरं वेलीवरून एकमेकांना ढकलत होती. आणि डाव्या हाताला आई. मांडीवर पिल्लू, चार महिन्यांचं, ग्रेस म्हणाली मुलगी आहे. डोक्यावर केस उभे, जावळ न काढल्यासारखे. ती आई त्या पिल्लाचं बोट धरून बघत होती. नुसतं बघत होती, एकेक बोट. मग वर बघितलं तिने, माझ्याकडं. मला वाटलं आता ही म्हणेल, या, बसा.

हिमानीने माझा हात घट्ट धरला होता. आजी, आजी, एवढंच म्हणत होती. मी तिच्याकडं बघितलं, डोळ्यांतून धारा आणि मास्क ओला. दहा वर्षं जे भिंतीवर होतं ते समोर होतं ना.

आणि ती आई उठली. पिल्लू पोटाशी धरून, आमच्याच बाजूला यायला लागली. ग्रेस हळूच म्हणाली, मागे, मागे. सगळे सरकले. माझे गुडघे हलेनात. चार-पाच हातांवर आली असेल, थांबली. पिल्लाने मान वळवून मला बघितलं. प्रीता, पुढं जे झालं ते मी केलं नाही, ते हातांनी केलं. पहिली मुलगी होती मला. विनयच्या आधी. अकरा महिन्यांची होऊन गेली. पाहणारा थांबायचा अशी देखणी होती, आणि सासू म्हणाली दृष्ट लागली, तू कधी दृष्ट काढलीस का तिची? नव्हती काढली. तेव्हा वीस वर्षांची होते, हसत होते असल्या गोष्टींना. त्यानंतर आजतागायत मी कुठलंही तान्हं पोर दृष्ट काढल्याशिवाय बघितलेलं नाही. दुकानात, विमानतळावर, गोऱ्यांची असोत, कुणाचीही असोत. विनय ओरडतो, आई, इथं लोकांना आवडत नाही. पण हात थांबत नाहीत. तसाच हात वर गेला. कानशिलावर बोटं मोडली कडाकडा. आणि मास्क खाली ओढला, कारण मास्कमधून थू थू कसं करणार? तीनदा केलं. थू, थू, थू. माझ्या या तोंडाने. सर्दीने भरलेल्या.

कुणी बघितलं नाही. सगळे तिच्याकडं बघत होते. फक्त ग्रेसने बघितलं. तिने पटकन हाताने खूण केली, मास्क, आणि मी वर ओढला. तास भरल्यावर निघालो. उतरताना ग्रेस डोलीच्या बाजूने चालत होती आणि मधेमधे माझ्याकडं बघत होती. संध्याकाळी मला सपाटून ताप भरला, मी म्हटलं, डोलीने अंग ठेचलं गं, झोपते.

तो दिवस आषाढातली चतुर्दशी. नागपंचमीला ग्रेसचा निरोप आला हिमानीच्या फोनवर — दोघींची गट्टी जमली होती. माग काढणाऱ्यांनी जंगलात खोकला ऐकला म्हणे. त्यांना आधी वाटलं माणसं शिरली. गोरिला खोकत होते. चार जण आजारी. डॉक्टर जाऊन लांबून सुई मारून आले मोठ्यांना. पिल्लाला कशी मारणार, एवढीशी ती. हिमानी रोज उठून पहिला फोन बघायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून तिच्या पावलांवरून ओळखायचे, आज काही आलं की नाही. नारळी पौर्णिमेला भाताला तूप सोडत होते, आणि वरून पावलंच वाजेनात.

त्या पिल्लाच्या आईने ती गेल्यावरही पाच दिवस सोडलं नाही तिला. पाठीवर टाकून फिरत होती, पाला खायला बसली की खाली ठेवायची, हाताने केस नीट करायची, परत उचलायची. हिमानीने हे मला वाचून दाखवलं, तिच्या मोडक्या मराठीत, आणि एक शब्द अडला तिला. विचारते, आजी, मेलेल्या बाळाला ‘डेड बॉडी’ नको म्हणायला, मराठीत काय म्हणतात? मला नाही सांगता आला. मराठीत आहे तो शब्द, मला माहीत आहे. मला नाही सांगता आला.

माझ्यामुळंच कशावरून, म्हणतेस? विनयही म्हणेल, त्याला कळलं तर. रोज आठ माणसं जातात, गावची माणसं जातात, कुणाचंही असेल. असेल. मी रात्रंदिवस तेच मोजते — दुसऱ्या चौघांतल्या त्या म्हाताऱ्या गोऱ्याने नाक ओढलं होतं का? खांदेकऱ्यांपैकी कुणी शिंकलं होतं का? देवासमोर बसून मी दुसऱ्या कुणाचा तरी खोकला आठवायचा प्रयत्न करते, एवढी नीच झालेय. आणि दुसराच आठवतो. माझ्या पोरीला बघायला शेजारची यमुना रोज यायची. पोरीला छातीशी धरायची, पटापट मुके घ्यायची. यमुनेला त्या थंडीत खोकला होता. मोठ्ठा खोकला होता गं. पन्नास वर्षं मी दृष्टीला दोष दिला आणि यमुनेला पुरणपोळी नेऊन देत राहिले, दर होळीला. ती पण म्हणायची, मला काय धाड भरलीय.

पाणी दे जरा. … बस.

आता ऐक, खरं दुखणं पुढं आहे. शनिवारी मराठी मंडळात हिमानीचं भाषण आहे. पोस्टर लावलंय, नीलांबरीने दाखवलं असेल तुला. जंगलात पाहुण्याने कसं वागावं, यावर. पोरगी महिनाभर खपतेय त्यावर. मला वाचून दाखवते रोज, अर्धं इंग्रजी, पण मला कळतं. त्यात आहे — समबडी लाइड. कुणीतरी खोटं बोललं. कुणीतरी आजारी असून गेलं, कारण त्याला स्वतःची मजा सोडायची नव्हती. हे म्हणताना तिचे ओठ पांढरे होतात. म्हणते, आजी, मी त्या माणसाला कधीच माफ नाही करणार. आणि मग शेवटी पडद्यावर फोटो येतो. डोलीतली मी. मास्क लावून, हात जोडून. म्हणते, ही माझी आजी, एकाहत्तर वर्षांची, शाळेत गेली नाही, पण हिने सगळे नियम पाळले, तुम्हीही पाळू शकता. आणि मला पहिल्या रांगेत बसवणार आहे. उठून उभं राहायचं मी तेव्हा. टाळ्या घ्यायच्या.

नऊवारी इस्त्री करून ठेवलीय तिने.

काय? … नको सांगू म्हणतेस. पोर कोसळेल. पिल्लू तर काही परत येणार नाही. हो. मीही अडीच महिने हेच म्हणतेय स्वतःला. किती शहाणं वाटतं ना? कुणाच्या जिवाला लागू नये म्हणून गप्प राहायचं. विमानात पदर ओढला तेव्हा हेच म्हणाले होते मी. हेच. तीच लवंग गालात धरून बसलेय अजून.

काढा मी तुला देणार नाही. राग धरलास तरी चालेल. घरी जा आणि सासूबाईंना ‘बरं आहे ना’ असं विचारू नकोस — असं विचारलं की आम्ही हो म्हणतो, आम्हाला दुसरं उत्तर शिकवलेलंच नाही. त्यांच्या कपाळाला हात लाव. जवळ बस. म्हण, आई, तुम्ही आजारी असलात तर आम्ही सगळे थांबू आणि कुणीही खिडकीला डोकं लावून रडणार नाही. आणि नंतर खरंच रडू नका. तिकिटं पुढं ढकलता येतात. नसतील येत तर जाऊ देत.

ऐकलंस? गराजचं दार. आज लवकर आली. पावलं बघ कशी टाकते — खूश आहे.

तू नीघ आता, प्रीता. नाही, थांबू नकोस, मला धीर द्यायला कुणी नको, कुणी असलं की मी परत काहीतरी गोड बोलून मोकळी होईन. जा. दार ओढून घे.

… हिमानी, आलीस बाळा? जेवण नंतर. नाही, प्रीतामावशी निघाल्यात. मला काय झालं? मला — नाही. बरं नाहीये मला, हिमानी. बस इथं. बॅग ठेव. हात नको धरूस आत्ता, आधी ऐक. ते तुझ्या भाषणातलं ‘कुणीतरी’ —